‘गळा फिरवते, गात नाही’ या तक्रारीचं काय करायचं?

पत्र: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सोळा वर्षांची आहे आणि शाळेच्या कॉयरमध्ये गाते. मे महिन्यातल्या कार्यक्रमात तिला ‘अमेझिंग ग्रेस’ हे ख्रिस्ती स्तोत्र एकटीनं गायचंय, तीन कडवी, पियानोच्या साथीवर. ती ते गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिगीतांच्या ढंगानं गाते, एकेका अक्षरावर आठ-आठ, दहा-दहा सूर घेत. सासरे सध्या पुण्याहून आमच्याकडे आलेत. त्यांनी जन्मभर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकलंय. ते म्हणतात, “ही गळा फिरवते, गात नाही. शब्द मेले सगळे.” नवऱ्याला ते टीव्हीवरच्या स्पर्धेतलं ओरडणं वाटतं. वर्गातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण तिला म्हणाली, “हे तुझं गाणं नाही.” आता ती खोलीचं दार लावून गाते. मला स्वतःला हे गाणं ऐकताना कधी अंगावर काटा येतो, तर कधी चक्क चिडचिड होते, आणि दोन्ही का होतं ते कळत नाही. तिला सरळ साधं गायला सांगू का?

उत्तर: ताई, सगळं गाणं साधं गायला सांगू नका. पहिलं कडवं मात्र अगदी साधं गायला जरूर सांगा. त्यामागचं कारण कळलं की घरातल्या तिघांच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो, म्हणून आधी कारण आणि मग रियाजाचं.

तुमचा काटा आणि तुमची चिडचिड एकाच मुळातून येतात. गॉस्पेल गायकीत अक्षर ताणून त्यावर सूर गुंफले जातात, त्यांना गाणारे ‘रन’ म्हणतात. प्रत्येक रन ऐकणाऱ्यापुढे एक दावा मांडते: आत जे दाटलंय त्याला हा शब्द पुरेना, म्हणून आवाज शब्दाच्या पुढे गेला. हा दावा तुम्हाला पटतो किंवा पटत नाही, मधली जागा फार थोडी. साधं, बेताचं गाणं आवडलं नाही तर माणूस दुर्लक्ष करतो. इथे गाणारी व्यक्ती तुमच्याकडून होकार मागत असते. तो मनापासून आला तर डोळे भरतात. आला नाही तर कुणीतरी आपल्याला जबरदस्तीनं हलवू पाहतंय असं वाटतं, आणि त्याचा राग येतो.

ही गायकी जिथे घडली तिथे हा होकार मोठ्यानं दिला जातो. अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट पंथाच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये वाद्यांशिवाय गायच्या संथ स्तोत्रांची जुनी परंपरा आहे. एक जण ओळ सांगतो, बाकीचे सगळे ती फार सावकाश उचलतात आणि प्रत्येक जण आपापल्या गळ्यानं तिला वळणं देतो. आयझॅक वॉट्स या इंग्लिश धर्मोपदेशकाचं स्तोत्रांचं पुस्तक १७०७ मध्ये निघालं. त्याच्या नावावरून या गाण्यांना ‘डॉक्टर वॉट्स’ असंच म्हणू लागले. सासऱ्यांना हे जरूर सांगा, कारण या मुळात वळणं घेणारा कुणी एकटा कलावंत नव्हता. सगळी मंडळी मिळून घेत होती. पुढे एकटा गायक पुढे आला तेव्हाही मंडळी गप्प बसली नाहीत. “येस”, “सिंग”, “टेक युअर टाइम” असे आवाज येत राहतात, ऑर्गनवाला गायकाच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देतो, आणि समोरून साथ मिळतेय असं दिसलं तरच गायक पुढची पायरी चढतो. अरिथा फ्रँकलिन या विख्यात कृष्णवर्णीय गायिकेनं जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये, समोर मंडळी बसलेली असताना, तुमच्या मुलीचं हेच स्तोत्र गायलं. ते ध्वनिमुद्रण दहा मिनिटांहून मोठं आहे. घरात सगळ्यांनी एकत्र बसून ते पूर्ण ऐका, आणि तिच्या आवाजाइतकंच समोरच्या लोकांच्या आवाजाकडे लक्ष द्या. ती कधी थांबते, कुठे नुसता एक सूर धरून ठेवते, आणि लोकांचा आवाज वाढल्यावर काय करते, हे सगळं त्यात आहे.

आता तीच रन टीव्हीच्या स्पर्धेत आणून ठेवा. गाणं दीड मिनिटाचं, ऑर्गन नाही, होकार देणारी मंडळी नाहीत, आणि परीक्षक गुण देणार. मग पहिल्याच ओळीत सहा वळणं येतात, कारण वाट बघायला वेळच नाही. तुमच्या नवऱ्याला जे ओरडणं वाटतं ते बहुतेक हेच असावं, आणि त्यांची तक्रार आम्हाला बरीचशी मान्य आहे. अरिथाच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांचा निर्माता जेरी वेक्सलर या अतिरेकाला ‘ओव्हरसोलिंग’, भाव गरजेपेक्षा जास्त ओतणं, असं म्हणायचा. म्हणजे ही तक्रार या गायकीच्या शत्रूंचीच नाही, तिच्यावर जीव असलेल्यांचीही आहे.

पण सगळा राग सुरांच्या संख्येवरून येतो असंही नाही. थॉमस डॉर्सी हा शिकागोचा पियानोवादक. आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं लौकिक गाणं, वाजवायचा. १९३० च्या सुमारास त्यानं ब्लूजचा ढंग स्तोत्रांत आणला, तेव्हा शहरातल्या अनेक प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चनीच त्याला दारं बंद केली: बाजारातलं गाणं देवळात नको. १९५४ मध्ये रे चार्ल्स या गायकानं उलटं केलं, चर्चचा ढंग प्रेमगीतात नेला, तेव्हा ब्लूज गाणारे जुने लोक रागावले: देवाचं गाणं बाजारात नको. पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टन तुमच्या जवळच्याच, नेवर्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये गात मोठी झाली. तिचे पॉप रेकॉर्ड तुफान खपत होते तेव्हा, कृष्णवर्णीय संगीतासाठीच्या सोल ट्रेन पुरस्कारांच्या १९८९ च्या सोहळ्यात, कृष्णवर्णीय प्रेक्षकांतूनच तिच्या नावाला हुर्यो आली. त्यांना तिचं गाणं पुरेसं आपलं वाटत नव्हतं. ही गायकी कुणाची, ती कुठे शोभते आणि कुणाच्या तोंडी शोभते, हा वाद तिच्यासोबत पहिल्यापासून चालत आलाय. मुलीच्या मैत्रिणीचं वाक्य याच वादातलं आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आणखी एक कारण असतं चालीवरच्या मालकीचं. सगळ्यांना पाठ असलेली चाल ऐकताना माणूस मनात सोबत गात असतो. गायक चालीबाहेर गेला की त्याच्या मनातलं गाणं अडखळतं. अमेरिकेचं राष्ट्रगीत हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. ७ ऑक्टोबर १९६८ ला डेट्रॉइटमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजच्या सामन्याआधी होसे फेलिसियानो या गायकानं गिटारवर ते आपल्या ढंगानं, संथ आणि सोलच्या (गॉस्पेलच्या ढंगाच्या लौकिक गाण्याच्या) वळणानं म्हटलं, आणि टीव्हीवाल्यांकडे संतापलेल्या लोकांचे फोन सुरू झाले. त्यात सुरांची गर्दी फारशी नव्हती. लोकांच्या मनातल्या चालीला लागलेला धक्काच पुरेसा होता. जानेवारी १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात व्हिटनीनं तेच गीत तीनऐवजी चार मात्रांत गायलं. म्हणजे बदल लहान नव्हता, तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. आमच्या मते त्याचं कारण तिच्या शिस्तीत आहे. चालीचे मुख्य सूर तिनं जागच्या जागी, सरळ आणि भरपूर लांब धरले. जादा मिळालेली मात्रा तिनं सूर धरायला वापरली आणि वळणं ओळीच्या टोकाला ठेवली. त्यामुळे मनात सोबत गाणारा माणूस कुठेही वाट चुकला नाही.

आता सासऱ्यांबद्दल. तान, मुरकी, खटका यांवर वाढलेला कान रनला का नाकारतो? त्यांचं म्हणणं हट्टाचं नाही. ख्यालात तान बहुधा ‘आ’कारात जाते, शब्द मागे राहतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण रागाचा नियम तिला धरून असतो आणि सम तिची वाट बघत असते. गॉस्पेलमध्ये रनला सांभाळणारा राग नाही. तिला सांभाळतो तो शब्द. ज्या अक्षरावर रन सुरू झाली त्यातल्याच ‘आ’, ‘ई’ अशा उच्चारावर ती राहिली पाहिजे आणि शेवटी तो शब्द पूर्ण करून थांबली पाहिजे. शब्द मध्येच तुटला तर ‘शब्द मेले’ ही तक्रार अगदी बरोबर आहे. नाट्यपद रंगवताना नाटक थांबतं, ही तक्रार मराठी रंगभूमीवर जुनी आहे. तेव्हा शब्द आणि गळा यांच्यातली ओढाताण सासऱ्यांना नवीन नाही.

दुसरी गोष्ट, त्यांना काही सूर उतरलेले वाटत असणार. या गायकीत गंधार पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधला लागतो आणि तो मुद्दाम खालून घसरत आणला जातो. पियानो त्याच क्षणी शुद्ध गंधार वाजवत असतो. श्रुतींची सवय असलेल्या कानाला ही टक्कर जास्तच टोचते. त्यांना एवढंच सांगा की ती टक्कर हवीच असते, आणि मग त्यांच्यासमोर मूळ चाल पेटीवर वाजवा: मंद्र प, सा, गसा, ग, रे, सा, मंद्र ध, मंद्र प. सगळी चाल सा रे ग प ध या पाच सुरांत आहे, म आणि नि नाहीतच. चलन भूप रागाचं नाही, पण सूर भूपाचेच आहेत. रनमध्ये त्यात कोमल ग आणि कोमल नि मिसळतात. एवढा नकाशा हातात आला की त्यांचा कान उरलेलं काम स्वतः करेल.

आता मुलीचा रियाज.

पट्टी आधी ठरवा. चाल मंद्र प ते मध्य प एवढ्या एका सप्तकाची आहे. पांढरी चार म्हणजे एफ घेतली तर सोळा वर्षांच्या मुलीला वरचा प सहसा सुखानं लागतो. तिसऱ्या कडव्याआधी अर्धा सूर वर चढायचं असेल तर त्यालाही जागा उरते. पांढरी पाचवर सुरू करून पुन्हा वर चढू नये. मग वरचा प दाबून काढावा लागतो आणि त्या दाबातूनच ‘ओरडणं’ येतं.

पहिला आठवडा एकही वळण नको. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, तीन मात्रांची चाल, आणि प्रत्येक मात्रेचे मनात तीन सारखे भाग करायचे. गॉस्पेलची डुलणारी लय त्या तीन भागांतून येते, आणि पुढे रनचे सूर याच भागांवर बसतात. ही साधी आवृत्ती फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, नंतर लागणार आहे.

मग कागदावर तिन्ही कडवी लिहून वळणांच्या जागा ठरवायच्या. पहिल्या कडव्यात फक्त ‘ग्रेस’ या शब्दावर खालून हलकी मींड, दुसरं काही नाही. ऐकणाऱ्याच्या मनात चाल पक्की होऊ द्यायची, म्हणजे नंतर ती सोडली तरी तो सोबत राहतो. दुसऱ्या कडव्यात ओळीच्या टोकाला, चाल जिथे विसावते तिथे, तीन ते पाच सुरांची दोन वळणं. मंद्र प वर संपणाऱ्या ओळीला सा रे सा, मंद्र ध, मंद्र प असं उतरता येईल. सा वर संपणाऱ्या शेवटच्या ओळीला ग रे सा, मंद्र ध, सा हे छान बसतं. तिसऱ्या कडव्यात एकच लांब रन, आठ-दहा सुरांची, आणि तिच्याआधी एक पूर्ण मात्रा शांतता. ‘द’, ‘अ’, ‘दॅट’ असल्या किरकोळ शब्दांवर काहीही नको. मोठे गायक तिथेही वळणं घेतात, पण तिनं आत्ताच घेऊ नयेत. तीच जागा आणि तेच वळण प्रत्येक कडव्यात आलं की दावा खोटा वाटू लागतो, म्हणून वळण कडव्यागणिक बदललं पाहिजे.

लांब रन बसवायची ती तुकड्यांनी. तीन-तीन, चार-चार सुरांचे गट करून आधी सरगमनं म्हणायची, मग ‘ऊ’ वर अगदी हळू आवाजात, आणि शेवटी शब्दावर. मेट्रोनोम ६० वर आधी मात्रेला एक सूर, मग दोन, मग तीन. ओळीनं तीन वेळा स्वच्छ आली तरच काटा चारनं पुढे सरकवायचा. ९० ला पोचल्यावर मात्रेला तीन सूर म्हणजे सेकंदाला साडेचार सूर होतात, आणि या गाण्याला तेवढा वेग भरपूर झाला. गट जोडताना प्रत्येक गटाचा पहिला सूर किंचित वजनानं घ्यायचा. बहुतेक नवशिक्यांची रन मध्ये विरघळते ती हे वजन नसल्यामुळे: पहिला आणि शेवटचा सूर ऐकू येतो, मधले सगळे एकमेकांत मिसळलेले. फोनवरचं ध्वनिमुद्रण अर्ध्या वेगानं ऐकलं की कुठला सूर गहाळ आहे ते लगेच कळतं.

आणखी काही दोष हमखास येतात. जबडा प्रत्येक सुराला हलतो. हनुवटीवर बोट ठेवून गाऊन बघायचं. हलत असेल तर सूर गळ्यात तयार होत नाहीत, जबड्यानं ढकलले जातायत. दोन सुरांच्या मध्ये ‘ह’ शिरतो आणि ‘आहाहाहा’ ऐकू येतं. आवाज कमी करून, लय उतरवून म्हटलं की तो जातो. रन खाली उतरताना लय पळते आणि शेवटचा सूर उतरलेला लागतो. शेवटच्या सुरावर पूर्ण एक मात्रा थांबायची सवय लावली तर दोन्ही सुधारतात. ‘साउंड’ सारख्या शब्दात रनभर ‘आ’ वरच राहायचं, ‘उ’ आणि ‘न्ड’ अगदी शेवटी. सासऱ्यांच्या तक्रारीवरचा निम्मा इलाज या एका सवयीत आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी सासऱ्यांनाच कामाला लावा. त्यांनी मूळ चाल मनातल्या मनात गुणगुणत बसायचं आणि मुलीनं सगळं गाणं गायचं. ज्या जागी त्यांच्या मनातली चाल तुटेल तिथे त्यांनी हात वर करायचा, बाकी शेरा काही नाही. आवडलं-नावडलं हा प्रश्नच नाही. चाल सापडली की हरवली, एवढंच. जिथे हात वर झाला ते वळण आखूड करायचं किंवा काढायचं. ख्यालाचा कान यासाठी उत्तम आहे, आणि दार लावून गाणाऱ्या मुलीला टीकेऐवजी हातात धरता येईल अशी काही तरी गोष्ट मिळेल. आठवड्यातून एकदा पुरे, रोज नको.

पियानोवाल्याशी आधी बोलून ठेवा. लांब रनच्या वेळी त्यानं एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून थांबायचं आणि तिच्या श्वासाच्या खुणेवर पुढे जायचं. हे ठरलेलं नसलं की तो पुढे निघतो, ती रन अर्धवट गुंडाळते आणि सगळ्यांना वाटतं तिचा सूर चुकला. माइक वरच्या प ला वीतभर दूर. अरिथाचा किंवा क्लार्क सिस्टर्स या गॉस्पेल गायिकांचा खरखरीत, घासलेला आवाज या वयात नक्कल करून काढू नये. रनचा रियाज रोज १५-२० मिनिटांहून जास्त नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला असेल तर त्या दिवशी अजिबात नको.

आता मैत्रीण. तिच्या बोलण्याचा राग धरू नका, आणि मुलीला गाणं सोडायलाही सांगू नका. या स्तोत्राचे शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ मध्ये छापलेले. हा माणूस आधी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. आज ज्या चालीवर ते गातात ती त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली. आणि ज्यांच्या पूर्वजांना असल्या जहाजांतून आणलं त्यांनी ते आपल्या चर्चमध्ये असं गायलं की आज जगाला त्यांचाच ढंग आठवतो. सोळा वर्षांच्या मुलीला हे सगळं समजू शकतं आणि समजायला हवं. तिनं मैत्रिणीला सरळ विचारावं की तुझ्या चर्चमध्ये हे कसं गातात, मला ऐकायला येता येईल का. बोलावणं आलं तर रविवारी पूर्ण उपासनेला बसावं, मागच्या बाकावर, फोन बंद ठेवून, कारण ती मैफल नसते. उच्चार स्वतःचेच ठेवावेत, कृष्णवर्णीय गायकांच्या बोलीची नक्कल करू नये. उसने उच्चार ढंगापेक्षाही लवकर खटकतात. आणि कार्यक्रमपत्रिकेत गाण्याच्या नावाखाली एक ओळ छापून घ्यावी की ही मांडणी कृष्णवर्णीय गॉस्पेल परंपरेतली आहे. कॉयरच्या शिक्षकांना हे आत्ताच सांगा, पत्रिका छापायला जाण्याआधी.